नाथसागरावरचे डोळे आणि थट्टेकाडचे कान

नाथसागराच्या काठावर पक्षी बघायला शिकलेल्या माणसाचे डोळे लांब पल्ल्याचे होतात. हिवाळा सरता सरता पैठणच्या धरणाचे पाणी मागे सरकते, गाळपेर उघडी पडते आणि अर्ध्या किलोमीटरवर रोहितांची गुलाबी रेघ दिसते. ट्रायपॉड रोवायचा, त्यावर २० ते ६० पटीचा स्कोप चढवायचा आणि पट्टकदंब किती, चक्रवाक किती, हे निवांत मोजत बसायचे. मध्ये झाड नाही, उजेड भरपूर, आणि पक्षी तासभर जागचा हलत नाही.

हीच सवय घेऊन माणूस केरळच्या सदाहरित जंगलात शिरला की त्याचा पहिला दिवस हमखास वाया जातो. तिथे पंधरा मीटरपलीकडचे काही दिसत नाही. चारी बाजूंनी आवाज येतात, पण डोळ्यांपुढे फक्त पाने. गाइड दबक्या आवाजात "ट्रोगन, ट्रोगन" म्हणतो, सगळे दुर्बिणी उचलतात, आणि कोणता आवाज ट्रोगनचा हेच माहीत नसल्यामुळे दुर्बीण चुकीच्या झाडावर फिरत राहते. पक्षी समोर असतो. फांदी मोकळी होते तेव्हा कळते, की आत्ता इथे कोणीतरी बसले होते.

आम्ही संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडकडच्या पक्षीमित्रांचे छोटे गट केरळातल्या थट्टेकाड आणि मुन्नारला नेतो. तिथला स्थानिक गाइड सोबत असतोच, पण निम्मी सहल मराठवाड्यातच, निघण्याआधीच्या सहा आठवड्यांत घडते, हे आमचे ठाम मत झाले आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी तारखांचे. आपल्याकडे सहल म्हटली की दिवाळीची सुट्टी डोळ्यांपुढे येते. दिवाळीत मराठवाड्यात आकाश निरभ्र असते, म्हणून सगळीकडे तसेच असेल असे वाटते. केरळात मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा, ईशान्येकडचा पाऊस चालू असतो. सकाळ स्वच्छ उगवते, दुपारी दोन-तीनच्या सुमारास ढग गडगडतात आणि संध्याकाळची फेरी पाण्यात जाते. जमीन ओली राहते आणि जळवा पायाखाली वळवळतात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा. पाऊस कमी, जळवा कमी आणि उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणे मुक्कामी. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात जायचे असेल तर जानेवारी संपायच्या आत जाऊन यावे. निलगिरी ताहरच्या विणीसाठी ते साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यटकांना बंद ठेवतात.

प्रवासाचे थोडक्यात. धाराशिव-लातूरकडच्यांना सोलापूर गाठून पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी गाडी धरणे सोपे पडते. नांदेड-परभणीकडच्यांना सिकंदराबादहून शबरी एक्स्प्रेस. संभाजीनगरकरांनी पनवेलहून कोकण रेल्वेने जावे किंवा विमानाने कोची गाठावे. एर्नाकुळमहून कोदमंगलमला आणि तिथून थट्टेकाडला जायचे. कोदमंगलम ते थट्टेकाड जेमतेम तेरा किलोमीटर. गाडीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी घ्यावी, पण पोहोचल्याच्या दिवशी संध्याकाळची फेरी ठेवू नये. दीड दिवस गाडीत बसलेला माणूस अंधारात घुबड शोधायला नेला तर तो चिडतो, आणि जंगलात चिडलेला माणूस आवाज करतो.

आता कानांचे. सदाहरित जंगलात दहातले आठ पक्षी आधी ऐकू येतात आणि मग दिसतात, तेही नशीब असेल तर. ऐंशी-शंभर आवाज पाठ करायचा प्रयत्न करू नये, चौथ्या दिवशी सगळ्याचा काला होतो. आम्ही वीस आवाज निवडतो आणि त्यातले पहिले सहा दुर्मीळ पक्ष्यांचे नसतात. ते सहा असतात सगळ्यांत जास्त ओरडणाऱ्यांचे: पांढऱ्या गालाचा कुटुर्गा, भृंगराज कोतवाल, पिवळ्या भुवयीचा बुलबुल, मलबारी राखी धनेश, लाल पाठीचा छोटा सूर्यपक्षी आणि तपकिरी गालाची फुलवेटा. कारण साधे आहे. हे सहा आवाज कानाने वजा करता आले की उरलेला आवाज आपोआप वेगळा पडतो. कुटुर्गा तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत "कुटुर्र, कुटुर्र, कुटर-कुटर-कुटर" करत असतो. तो ज्याच्या कानात मुरला नाही त्याला त्यामागचा ट्रोगन ऐकूच येत नाही.

झेनो-कॅन्टो या संकेतस्थळावर किंवा मर्लिन या पक्षी ओळखण्याच्या ॲपवर हे आवाज मिळतात. रोज पंधरा मिनिटे ऐकायचे, पण फोटो न बघता. आवाज ऐकून आपल्याच शब्दांत वर्णन लिहायचे, आणि ते मराठीतच. दुसऱ्याने दिलेली खूण टिकत नाही. कोणी मलबारी राखी धनेशाला "खवचट हसणारा म्हातारा" लिहिले, कोणी "उसळी मारत बंद पडणारे इंजिन". दोन्ही बरोबर, कारण दोघांनाही तो जंगलात ओळखता आला. मलबारी कर्णा, म्हणजे ट्रोगन, याचा आवाज मऊ, घोगरा, "क्यॉव, क्यॉव, क्यॉव" असा सावकाश उतरत जाणारा. भुकेल्या मांजराच्या पिल्लाची आठवण व्हावी असा. शीळ घालणारा मलबारी कस्तूर ऐकला की पहिल्यांदा सगळे मागे वळून बघतात, कारण कोणीतरी पोरगा उगाच सूर शोधत शीळ घालत चालला आहे असेच वाटते.

आठवड्यातून एकदा हाच कान बाहेर नेऊन वापरायचा. त्यासाठी गौताळा किंवा येडशी रामलिंगचे जंगल पुरते. पहाटे एका जागी वीस मिनिटे डोळे मिटून बसायचे. मांडीवर कोरा कागद, मध्ये एक फुली म्हणजे आपण. आवाज आला की ज्या दिशेने आणि जितक्या लांबून आला तिथे खूण करायची आणि शेजारी नाव. नाव माहीत नसेल तर वर्णन. सातभाई, हळद्या, तांबट, टकाचोर हे ओळखीचेच आहेत, त्यामुळे इथे ओळखण्याचा ताण नसतो, फक्त दिशा आणि अंतर पकडण्याचा सराव होतो. वीस मिनिटांनी सगळ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले की दिसते, कोणी मागचे आवाज सोडतो, कोणाला बारीक वरचे सूर ऐकूच येत नाहीत. साठीच्या पुढे उंच पट्टीचे सूर बरेचदा निसटतात. त्यात कमीपणा काही नाही, पण ते आधी कळले तर अशा माणसाची जोडी तरुण कानाशी लावता येते. मुन्नारच्या शोलात, म्हणजे डोंगरघडीतल्या बुटक्या जंगलात, काळ्या-नारिंगी माशीमाराचा आवाज इतका बारीक आणि तीक्ष्ण असतो की ही जोडी नसली तर तो पक्षी हुकतोच.

गौताळ्याचा आणखी एक उपयोग आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वीण करणारा नवरंग हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो, आणि थट्टेकाडच्या जंगलात जानेवारीत तो भेटतो. पहाटे उजाडताना आणि सांजेला दिवस बुडताना त्याची दोन सुरांची शीळ येते. तमिळमध्ये त्याला सहा वाजताची चिमणी अशा अर्थाचे नाव आहे. आपल्याकडे त्याचा आवाज ज्याने कानात साठवला आहे त्याला केरळात त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

साहित्यात दुर्बीण पहिली. नाथसागरासाठी १० बाय ५० (म्हणजे दहा पट आणि पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे) घेतलेली असेल तर जंगलात ती जड आणि अरुंद पडते. ८ बाय ४२ घ्यावी. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. १० बाय ४२ मध्ये तो चार मिलिमीटरच्या थोडा पुढे जातो. माळावर भर उन्हात हा फरक जाणवत नाही, पण सकाळी साडेसहाला दाट झाडीखाली हाच फरक पक्ष्याचा रंग दाखवतो किंवा नुसती काळी आकृती. शिवाय ८ पटीत दृश्य रुंद येते, त्यामुळे पानांतला पक्षी लवकर सापडतो. दोन मीटरपर्यंत फोकस होते का ते दुकानातच तपासावे, कारण खालच्या झुडपातले पक्षी खरोखर तेवढ्या जवळ येतात. चष्मेवाल्यांनी डोळ्यांकडचे रबरी कप खाली मुडपून बघायची सवय आधीच करावी.

दुर्बीण गळ्यात एका पट्ट्यावर लोंबकळत ठेवली तर तिसऱ्या दिवशी मान धरते. पाठीवरून क्रॉस जाणारा पट्टा वापरावा. मानेचा दुसरा त्रास उंचीचा. आपण आयुष्यभर समोर बघत पक्षी पाहिले, इथे तीस मीटर उंच शेंड्याकडे मान वाकवून अर्धा अर्धा तास बघावे लागते. आम्ही दोघांमागे एक पातळ सतरंजी ठेवतो. मोकळ्या जागेत मिश्र थवा डोक्यावर आला की सरळ उताणे पडून बघायचे. बसण्याआधी जमीन मात्र नीट बघून घ्यावी.

दमटपणा हा आपल्याला न शिकवलेला विषय आहे. संभाजीनगरला वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, केरळात सरासरी तीन हजारांच्या आसपास. आपल्या कोरड्या हवेत भिंगाला बुरशी लागण्याची भीती क्वचितच असते. तिथे दोन-तीन आठवडे ओली पिशवी बंद राहिली तरी बुरशीचे जाळे धरू शकते. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात दुर्बीण-कॅमेरा ठेवावा. मुक्कामाला एसी असेल तर तो बंद ठेवणे उत्तम, नाहीतर पहाटे निघण्याच्या अर्धा तास आधी पिशवी बाहेर व्हरांड्यात आणून ठेवावी. थंड काच दमट हवेत आली की लगेच धुके धरते, आणि ते शर्टाच्या टोकाने पुसले की काचेवर ओरखडे पडतात. डास-गोचिडांसाठीचे मलम लावले असेल तर हात धुऊन मगच दुर्बिणीला हात लावावा. अशा मलमांतले डीईईटी प्लास्टिक आणि रबर विरघळवते. बोटांचे ठसे कायमचे उमटलेल्या दुर्बिणी आम्ही पाहिल्या आहेत.

कपडे मातकट किंवा मळकट हिरवे. पांढरा रुमालसुद्धा खिशातच राहू द्यावा. सुती कपडा आपल्या हवेला चांगला, तिथे तो भिजला की दिवसभर अंगाला चिकटतो. लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे बरे. प्लास्टिकचा रेनकोट आणू नये, प्रत्येक पावलाला तो खसखसतो आणि सगळ्या गटाचे ऐकणे बंद होते. साधी काळी छत्री सर्वांत चांगली, तिच्याखाली दुर्बीणही कोरडी राहते.

जळवांची भीती गरजेपेक्षा जास्त आणि तयारी गरजेपेक्षा कमी, असा अनुभव आहे. गुडघ्यापर्यंत येणारे, दाट विणीच्या कापडाचे, वर नाडी असलेले मोजे शिवून घ्यावेत. गावातला कोणताही शिंपी ते शिवून देतो. पायजमा मोज्यात आणि मोजा बुटात. नेहमीच्या विरविरीत मोज्यातून बारीक जळू आत शिरते. मोज्यांना तंबाखूचे पाणी लावून वाळवले तर जळू वर चढत नाही. तंबाखू आपल्याकडे कोणाच्या ना कोणाच्या खिशात असतेच. जळू लागलीच तर ओढू नये, मीठही टाकू नये. मीठ पडले की ती पोटातले जखमेत ओकते. तिचे निमुळते टोक जिथे चिकटले आहे तिथे नख आडवे सरकवून ती सोडवायची आणि झटकायची. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, त्यामुळे बारीक छिद्रातूनही तास-दोन तास रक्त येत राहते. दाबून पट्टी बांधली की पुरते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे गटात आणि गाइडला आधी सांगावे. जंगलात आधारासाठी फांदी धरू नये, हेही पहिल्याच दिवशी बजावतो. मलबारी चापडा, म्हणजे तिथला हिरवट-तपकिरी विषारी साप, नेमका हाताच्या उंचीवरच्या फांदीवर स्वस्थ पडलेला असतो.

आता गाइडचे. एका गाइडमागे चार, फार तर सहा माणसे. पायवाट एकापाठोपाठ एक चालण्याएवढीच असते. गाइडला पक्षी दिसतो तेव्हा सातवा माणूस वळणाच्या पलीकडे असतो. दहा जण असतील तर दोन गाइड घ्यावेत आणि पैसे वाचवायला एकावर भागवू नये. रांगेतल्या जागा अर्ध्या तासाने बदलाव्यात, नाहीतर तीच दोन माणसे सगळे पाहतात. फोटो काढणारे आणि नुसते बघणारे एका गटात घालू नयेत, ही सगळ्यांत मोठी गोष्ट. फोटोवाल्याला एका कर्ण्यासमोर तासभर उभे राहायचे असते, बघणाऱ्याला पुढच्या आवाजाकडे जायचे असते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

निघण्याआधी गाइडशी फोनवर बोलताना त्याला वयाचा अंदाज, गुडघ्यांची तब्येत, किती चालणार, फोटो की बघणे, हे सांगावे. हवे असलेल्या पक्ष्यांची यादी दहाच्या वर नेऊ नये. साठ नावांची यादी दिली की तो दिवसभर जीपमधून पळवतो आणि काहीच धड बघून होत नाही. दिवसाचा दर की अर्ध्या दिवसाचा, जीप, प्रवेश आणि कॅमेऱ्याचे शुल्क, सकाळचा डबा, लपणाचे (आडोशाआडून पक्षी बघायच्या जागेचे) पैसे, यातले काय धरले आहे आणि काय नाही, हे एकेक विचारून लिहून घ्यावे. नंतरची कुरबुर बहुतेक इथेच उगवते. गाइडला मराठी येत नाही आणि आपल्याला मल्याळम. म्हणून प्रत्येकाकडे खिशात मावेल असा एक कागद असावा, त्यावर पक्ष्याचे मराठी नाव आणि शेजारी इंग्रजी नाव. हाक मारायला "चेट्टा" म्हणावे. आपल्या "दादा"सारखेच आहे, आणि त्याने संबंध लगेच मोकळा होतो. जेवणाच्या वेळी गुलाबी रंगाचे कोमट पाणी पुढे येते. ते गढूळ नाही, पतिमुखम या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेले आहे. निर्धास्त प्यावे.

थट्टेकाडला पेरियारच्या काठी सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे २५ चौरस किलोमीटर, स्थापना १९८३ ची. सलीम अलींनी १९३० च्या दशकात त्रावणकोरचे पक्षी सर्वेक्षण केले तेव्हापासून या पट्ट्याचे नाव आहे. जंगल सखल आहे, सुरुवातीची उंची शंभर मीटरच्याही आत. आपला दिवस असा चालतो. साडेपाचला काळा चहा, सहाला बाहेर. जानेवारीत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, पण झाडाखाली उजेड पोहोचायला सव्वासात-साडेसात होतात. तोवर फक्त ऐकायचे आणि नवरंग, कुटुर्गा, कस्तूर हे ओळखून घ्यायचे. साडेसात ते साडेनऊ हा सोन्याचा वेळ.

या वेळात मिश्र थवा भेटतो. अर्धा तास जंगल रिकामे वाटते आणि मग अचानक एका पट्ट्यात सगळे एकत्र येतात: निखार, मखमली शिलींध्री, काळ्या मानेचा निळा माशीमार, पिवळ्या भुवयीचे बुलबुल, बदामी ठिपक्यांचा छोटा सुतार, आणि वर पहारेकऱ्यासारखा भृंगराज. दहा-पंधरा मिनिटांत थवा पुढे सरकतो. या वेळी सगळ्यांनी सगळीकडे दुर्बीण फिरवली की कोणालाच काही मिळत नाही. आम्ही जंगलाचे तीन मजले वाटून देतो. दोघांनी शेंडे बघायचे, दोघांनी मधले, दोघांनी झुडपे. दिसले की पुकारायचे. भृंगराजाबद्दल सावध. तो इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, आणि नव्या कानाला एकाच झाडावर चार जाती बसल्यासारखे वाटते.

पुकारण्याचीही रीत लागते. "तो बघा, तिकडे, हिरव्या पानात" याने काही कळत नाही, सगळीच पाने हिरवी आहेत. आम्ही झाडाला घड्याळ मानतो आणि उंची परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतो. विहिरीची खोली परसात मोजणाऱ्या आपल्या माणसांना ते माप डोळ्यात बसलेले असते. "पांढऱ्या खोडाचं झाड, तीन परस वर, दहा वाजता, खोडापासून हातभर, वेलीमागे." झाड, उंची, तास, अंतर, याच क्रमाने. हा क्रम पैठणच्या काठावरच्या बाभळींवर साळुंक्या दाखवत पाठ करून घेता येतो. काही गाइड हिरवा लेझर वापरतात. तो पक्ष्याच्या जवळही नेऊ नये, बराच खाली खोडावर धरला तर चालतो, आणि पुकारता येत असेल तर त्याची गरजच उरत नाही.

आवाज वाजवून पक्षी बोलावण्याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. विणीच्या दिवसांत अजिबात नको, आणि बाकीच्या दिवसांत गाइडने स्वतःहून एकदा, अर्धा मिनिट वाजवले तर तेवढेच. आपल्या मोबाइलवरून तर कधीच नाही. नर पक्षी तो आवाज ऐकून प्रतिस्पर्धी आला असे समजतो, खाणे सोडून हद्द राखायला धावतो, आणि हिवाळाभर रोज तीन गट आले तर त्याचे हाल होतात. काही दिवसांनी तो त्या आवाजाला उत्तर देणेच सोडतो.

फ्रॉगमाउथ हा रुंद तोंडाचा निशाचर म्हणजे थट्टेकाडचा मानाचा पक्षी, आणि तो कसा बघायचा ते नीट सांगावे लागते. दिवसा ही जोडी जमिनीपासून दोन-तीन मीटरवर, वेलीच्या किंवा वेताच्या जाळीत, आडव्या फांदीवर अंगाला अंग लावून बसलेली असते. नर करडा, मादी विटकरी. पंखांवरची नक्षी वाळलेल्या पानासारखी. चोच रुंद, बुडाशी राठ केसांचे झुबके, आणि माणूस जवळ आला की दोघेही मान हळूच वर करतात, म्हणजे तुटलेल्या फांदीचे टोक वाटावे. अगदी समोरून त्यांच्याकडे बघत असूनही पक्षी दिसत नाही असे बहुतेकांचे होते. गाइड आधी एकटा जाऊन जोडी जागेवर आहे का बघतो. मग दोघादोघांनी जायचे, पाच-सहा मीटरवर थांबायचे, दोन मिनिटे बघायचे आणि मागे यायचे. फ्लॅश नाही, फांदी वाकवून "साफ" फोटो नाही. हे पक्षी एकाच जागी आठवडेच्या आठवडे बसतात. एकदा उठवले की ती जागा सोडतात आणि गाइडची महिनाभराची नजर वाया जाते. फोटो टाकताना जागेचा जीपीएसही काढून टाकावा.

हत्तीबद्दल एकच नियम. गाइड थांबला की थांबायचे, मागे फिरला की न विचारता मागे फिरायचे. ताज्या, वाफाळत्या लिदीजवळून तो पुढे जात नसेल तर राहिलेल्या पक्ष्यासाठी त्याची विनवणी करू नये.

सकाळी दहा ते दुपारी तीन जंगल सुस्त असते. तेव्हा लपणात बसावे. छोटा पाणवठा, समोर कापडाची भिंत, छिद्रांतून बघायचे. पाचू कवडा, शामा, नारिंगी डोक्याचा कस्तूर, राखी रानकोंबडा पाण्यावर येतात. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग सेकंदाच्या दीडशे-दोनशेव्या भागाहून कमी नेऊ नये, आयएसओ ३२०० ते ६४०० जाऊ द्यावा. धूसर फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर शेंड्यावरचा पक्षी घ्यायचा असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवावे, नाहीतर हाती फक्त सावली लागते.

तीन दिवस थट्टेकाड, दोन दिवस मुन्नार, ही विभागणी आम्हाला जमली आहे. चढताना उंची दीड हजार मीटरवर जाते आणि पक्ष्यांची यादी जवळजवळ पूर्ण बदलते. कर्णा, फ्रॉगमाउथ खाली राहतात. वर शोला, म्हणजे गवताळ डोंगरांच्या घडीत दडलेली बुटकी दाट जंगले. जाती कमी, पण पक्षी धीट. पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर-कानटोपी लागतेच. पांढऱ्या पोटाची शोलाकिली ओढ्याकाठच्या अंधाऱ्या झुडपात, उजाडताना आणि मावळताना. पळनी हसरा कस्तूर मळ्यांच्या आणि शोलाच्या कडेला. निलगिरी तिरचिमणी एरविकुलमच्या गवतावर, तिथे आपले माळरानावरचे डोळे पुन्हा कामाला येतात. यातले काही पक्षी पालघाट खिंडीच्या दक्षिणेलाच आहेत. खिंड रुंदीला ३०-४० किलोमीटरच, पण सखल. थंड डोंगरमाथ्यावरचा पक्षी ती ओलांडत नाही, म्हणून खिंडीच्या उत्तरेला उटीकडे दुसरी शोलाकिली आणि दुसरा हसरा कस्तूर सापडतो. २०१७ मध्ये संशोधकांनी या पक्ष्यांसाठी शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला अशा स्वतंत्र प्रजाती (जीनस) मांडल्या.

रोज रात्री जेवणाआधी ई-बर्ड या पक्षीनोंदीच्या संकेतस्थळावरच्या याद्या पूर्ण कराव्यात. वेळ, अंतर आणि संख्या त्याच दिवशी भराव्यात. फक्त ऐकलेला पक्षी "ऐकला" असाच लिहावा, आणि ज्याबद्दल गटात दुमत आहे तो यादीत घालू नये. मर्लिनने सुचवले म्हणून नाव लिहू नये. ते ॲप भृंगराजाच्या नकलेलाही फसते. मर्लिनचा भारतीय पक्ष्यांचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून घ्यावा, जंगलात रेंज नसते.

घरी आल्यावर बॅगा तशाच बंद ठेवू नयेत. दुर्बीण आणि लेन्स दोन दिवस नव्या सिलिका जेलसोबत डब्यात ठेवाव्यात, पट्टे आणि पिशव्या मराठवाड्याच्या उन्हात खडखडीत वाळवाव्यात. मोजे उलटे करून शिवणी तपासाव्यात, वाळलेली जळू तिथेच सापडते. मोबाइलवरच्या आवाजांना आठवडा उलटायच्या आत नाव, जागा आणि वेळ लावावी. आठवड्यानंतर "नवीन रेकॉर्डिंग १४" मध्ये कर्णा होता की कुटुर्गा, हे गटातल्या कोणालाच सांगता येत नाही.